मांडव उठल्यानंतर

पुणे-सोलापूर रस्त्याने यवत व चौफुला मागे टाकून वरवंडाकडे येऊ लागले म्हणजे चैत्र-वैशाखात रस्त्याच्या दोन्ही अंगांची मंगल कार्यालये गजबजलेली दिसतात. वाहनांची रांग रस्त्यावर येते, सनई-ताशाच्या जागी आलेल्या ध्वनिवर्धकांचा गडगडाट पलीकडच्या उसापर्यंत पोचतो, आणि मुहूर्त टळून तासभर झाल्यावर मंगलाष्टके सुरू होतात. यात आता कोणास नवल वाटत नाही. गेल्या वैशाखात अशाच एका लग्नास आम्ही गेलो होतो. कार्य रीतीप्रमाणे पार पडले, जेवण उत्तम झाले, यजमानांनी आदरातिथ्यात काही उणे पडू दिले नाही. रात्रीचा मुक्काम जवळच्या वस्तीवर एका स्नेह्यांकडे होता. सकाळी त्यांच्याबरोबर रानात गेलो, तेव्हा जे दृष्टीस पडले ते मनातून जाईना; म्हणून हा लेख लिहिण्याचे आम्ही योजले.

स्नेह्यांचे रान कार्यालयाच्या पाठीमागे, वाऱ्याच्या तोंडी आहे. उसाच्या सऱ्यांत पाण्याचे पेले, चंदेरी कागदाचे द्रोण, पातळ पिशव्या व लहान बाटल्या पसरल्या होत्या. दंडाच्या तोंडाशी त्यांचा बोळा बसून पाणी बांधावरून वाहून चालले होते. आणि ते पाणी म्हणजे कालव्याच्या आवर्तनातील, कित्येक दिवस वाट पाहून मिळालेली पाळी होती. गोठ्यात एक दुभती गाय मान टाकून उभी होती. आदल्या रात्री कोणी तरी चांगल्या बुद्धीनेच उरलेला भात, बुंदी व चपात्या पाटी भरून आणून तिच्यापुढे ओतल्या होत्या. पशुवैद्यांस बोलाविले, त्यांनी उपचार केले, गाय वाचली. परंतु त्या वेताचे दूध गेले ते गेलेच. यजमान सज्जन, पाहुणे सज्जन, आणि आमचे स्नेहीही त्याच पंगतीस जेवलेले. एका माणसाकडे बोट दाखविण्यासारखे काही नव्हते. तरी लग्न एका घरचे आणि नुकसान दुसऱ्याच्या शिवारात, असा तो प्रकार होता.

पर्यावरणास अनुकूल असा विवाह, हा शब्दप्रयोग हल्ली पुष्कळदा कानी पडतो. शहरातील हौशी लोकांचे ते एक नवे खूळ आहे, अशी आपल्या पुष्कळ वाचकांची समजूत असण्याचा संभव आहे. आमचे म्हणणे असे की, या गोष्टीशी शहरवासीयांपेक्षा शेतकऱ्याचा संबंध अधिक जवळचा आहे. मांडव उठल्यावर जे मागे राहते ते शेवटी शेतातच येऊन पडते. म्हणून लग्न कसे झाले हे पाहावयाचे तर लग्नाच्या दिवशी पाहू नये; तिसऱ्या दिवशी शिवारात हिंडून पाहावे.

पूर्वीचा मांडव कोठून येई व कोठे जाई

आपल्याकडील जुनी रीत आठवून पाहावी. लग्नाचा आरंभ मुहूर्तमेढीने होई, आणि ती मेढ पुष्कळ घरी उंबराची असे. मांडवडहाळे आणण्यास सजविलेली बैलगाडी वाजतगाजत शिवारात जाई व आंबा-जांभळाचे टहाळे घेऊन परत येई. बांबू शेजाऱ्याकडचे, वासे घरचे, जोती-कासरे घरचे. कार्य उरकले की बांबू जेथल्या तेथे जात, टहाळे शेळ्यांपुढे किंवा उकिरड्यात पडत. पत्रावळी पळसाच्या किंवा वडाच्या पानांच्या, काडीने टाचलेल्या. पंगत उठली की त्याही उकिरड्याच्या धनी होत व पुढील वर्षी खत होऊन शेतात परतत. मांडवातील एकही वस्तू अशी नसे की जी मातीने नाकारावी.

याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट देवकाची आहे. मराठा, कुणबी, माळी इत्यादी अनेक समाजांत लग्नाच्या आरंभी देवक बसवितात. कोणाचे देवक कळंब, कोणाचे पंचपालवी, कोणाचे आणखी काही. ज्या कुळाचे जे झाड देवक असेल त्या झाडावर त्या कुळाने कुऱ्हाड चालवावयाची नाही, असा दंडक होता. एकाच गावात वेगवेगळ्या देवकांची कुळे नांदत असल्यामुळे गावातील अनेक जातींच्या झाडांस कोणी ना कोणी राखणदार आपोआप मिळे. आपल्या पूर्वजांनी हा नियम झाडे वाचविण्याच्या हेतूनेच केला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याचा एक परिणाम तसा होत असे, हे खरे. आज आपण देवक बसवितो, त्याची पूजा करतो, आणि त्याच मांडवात प्लास्टिकची फुले लावतो. विधी राहिला, त्याचा शिवाराशी असलेला संबंध तेवढा सुटला.

सर्व जुने चांगले होते असे मात्र कोणी समजू नये. जुन्या लग्नांतही मानपानाचे रुसवे होते, हुंडा होता, लहान वयातील लग्ने होती, कर्जे होती. ते सर्व परत आणावे असे आमचे मत नाही. जुन्या रीतीतून घ्यावयाचे ते एवढेच, की जी वस्तू मांडवात आणावयाची ती शेवटी कोठे जाणार हे आधी ठाऊक असावे.

पाणी, जनावर आणि माती

नुकसान नेमके कसे होते, याचा आता विचार करू. पहिली गोष्ट पाण्याची. दौंड तालुक्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत मोडतो. वरवंडाच्या परिसरात ऊस उभा दिसतो तो मुख्यत्वे खडकवासल्याच्या कालव्याच्या व विहिरींच्या जिवावर. गावचा व्हिक्टोरिया तलावही त्याच कालव्याच्या पाण्याकडे डोळे लावून असतो. पुणे शहर वाढले, त्याची तहान वाढली, आणि शहरास किती व दौंड-इंदापूरच्या शेतास किती, हा वाद दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो. शहराने पाणी जपून वापरावे असे आपण सभांतून म्हणतो. ते योग्यच आहे. परंतु त्याच उन्हाळ्यात आपल्या लग्नांत अर्धी प्यालेली बाटली टाकून दुसरी उघडली जाते, आणि टँकरच्या पाण्याने रस्त्याची धूळ बसविली जाते. दुसऱ्यास उपदेश करणाऱ्याने आपला मांडव आधी पाहावा, हे बरे.

दुसरी गोष्ट जनावरांची. आमच्या स्नेह्यांच्या गाईचे जे झाले ते अपघाताने झालेले नव्हे. गाई-म्हशींचे कोटीपोट चारा पचविण्यासाठी आहे. त्यात एकदम पुष्कळ भात, पोळी, गोड पदार्थ असे पिठूळ व साखरेचे अन्न गेले म्हणजे ते झपाट्याने आंबते, पोटात आम्ल वाढते, रवंथ बंद पडतो. जनावर सुस्त होते, पातळ हगवण लागते, तोल जातो, आणि वेळीच उपाय न झाल्यास ते दगावते. 'अन्न वाया जाण्यापेक्षा जनावराच्या तोंडी जाऊ द्यावे' ही भावना पुण्याची खरी, पण तिच्यामुळे दावणीची गाय जाऊ शकते. सवय नसलेल्या जनावरास असे अन्न पाटीने घालू नये, आणि चुकून खाल्ले गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्य आणावा. अन्नासोबत पातळ पिशव्याही पोटात जातात. त्या पचत नाहीत व बाहेरही पडत नाहीत. पोटात साचून राहतात.

तिसरी गोष्ट मातीची. पेले व द्रोण नांगरटीत मातीखाली जातात, तुकडे होतात, पण कुजत नाहीत. ठिबकाच्या नळ्यांत व चाऱ्यांच्या तोंडी ते अडकतात. गोळा करून पेटवून द्यावे तर विषारी धूर निघतो, आणि तो आपल्याच वस्तीवर येतो. या वस्तूंवर कायद्यानेही बंदी आहे. प्लास्टिक व थर्माकोल यांची ताटे, पेले, चमचे इत्यादींवर महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये बंदी घातली; १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अशा अनेक प्लास्टिक वस्तूंवर सर्व देशात बंदी आली. तीत ताटे-पेल्यांखेरीज शोभेचे थर्माकोल, निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळण्याचा प्लास्टिकचा पापुद्रा आणि शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ फलक यांचाही समावेश आहे. कायदा असून वस्तू मिळतात ही गोष्ट खरी. पण विकत घेणारे हात आपलेच आहेत.

खर्चाचा प्रश्न

लग्नाच्या उधळपट्टीवर बोलू लागले की शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय निघतोच. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चौफुल्याहून मोरगावकडे जाणाऱ्या वाटेवर सुपे हे गाव आहे. १२ मे १८७५ रोजी तेथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे ताब्यात घेऊन जाळली, व तेथून दख्खनच्या दंग्यांस आरंभ झाला. आजचा दौंड तालुका ज्या जुन्या भीमथडी तालुक्यात होता, त्याच मुलुखातील ही हकीकत. त्या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने शेतकऱ्याच्या कर्जाची कारणे तपासली, तेव्हा असा अभिप्राय दिला की, लग्नकार्याच्या खर्चास कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले जाते. तो खर्च कर्जात भर घालतो, परंतु कर्जाचे मूळ सहसा तो नसतो.

हा अभिप्राय आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शेतकरी लग्नात पैसे उडवितो म्हणून तो कर्जात आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मालाचा भाव, पावसाची लहर व भांडवलाची टंचाई यांचे नाव त्यांच्या तोंडी येत नाही. अशा उपदेशास आपण मान डोलावण्याचे कारण नाही. तथापि मूळ कारण दुसरे आहे म्हणून भर घालीत राहावे, असाही त्याचा अर्थ होत नाही. ज्याच्या घागरीस आधीच भोक आहे त्याने तिला दुसरे पाडू नये.

या मुलुखात साध्या विवाहाचा विचारही नवा नाही. जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना पुणे येथे २४ सप्टेंबर १८७३ रोजी केली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. थोडक्या खर्चात, वधूवरांनी परस्परांस वचन देऊन करावयाचे ते लग्न होते. पुढे गाडगे महाराजांनी गावोगावच्या कीर्तनांतून कर्ज काढून कार्य करू नका असे पोटतिडकीने सांगितले, आणि हातातील खराट्याने कार्याची जागा स्वतः झाडून दाखविली. खर्च व कचरा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे त्या खराट्याने आपणांस केव्हाच शिकविले आहे. जी वस्तू दुसऱ्या दिवशी झाडून टाकावयाची तिच्यासाठीच आपण आदल्या दिवशी पैसे मोजलेले असतात.

'थोडक्यात लग्न केले तर लोक काय म्हणतील?' हा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर नुकत्याच होऊन गेलेल्या काळाने दिले आहे. कोरोनाच्या साथीत, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रात लग्नास पंचवीस माणसे व दोन तास एवढीच मुभा होती. तेव्हाही आपल्या मुलामुलींची लग्ने झाली, ती अंगणात झाली, आणि त्या जोडप्यांचे संसार इतरांसारखेच चालले आहेत. २०२५ साली पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांत मराठा समाजाच्या सभांतून लग्नांसाठी आचारसंहिता ठरविण्यात आल्या. माणसे मोजकी बोलवावी, ध्वनिवर्धकांचा दणदणाट नसावा, अशा अर्थाची कलमे त्यांत आहेत. म्हणजे लोकांस जे मनातून हवे आहे तेच करावयाचे आहे. पहिल्याने पाऊल कोणी टाकावे एवढाच प्रश्न आहे.

जवळची उदाहरणे

असे पाऊल टाकलेली गावे दूर नाहीत. शिरूरजवळ घोडनदी ओलांडून पारनेर तालुक्यात गेले की राळेगणसिद्धी लागते. पाणलोटाच्या कामासाठी हे गाव सर्वांस माहीत आहे, परंतु तेथील सामुदायिक विवाहांची गोष्ट तितकी बोलली जात नाही. तेथे स्वयंपाकाची व वाढण्याची जबाबदारी गावच्या तरुण मंडळाने घेतली, व भांडी, मांडव इत्यादी साहित्यही गावातच सांभाळले. यातील मर्म असे की, ज्या गावाची भांडी असतात ते गाव ती धुऊन पुन्हा वापरते. टाकून द्यावयाच्या पेल्याचा कोणी धनी नसतो.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील. खेड तालुक्यातील रानमळा या गावाने घरातील प्रत्येक प्रसंगास झाड लावण्याचा पाठ अनेक वर्षे घालून दिला. मूल जन्मले तर एक झाड, लग्न झाले तर एक, मुलगी सासरी निघाली तर एक, कोणी निवर्तले तर त्याच्या स्मरणार्थ एक. हा क्रम इतका सफल झाला की राज्य शासनाने तो सर्व ग्रामपंचायतींसाठी स्वीकारला. त्यातील लग्नाच्या झाडास 'शुभमंगल वृक्ष' व सासरी गेलेल्या मुलीच्या झाडास 'माहेरची झाडी' अशी नावे आहेत.

हीच कल्पना हिमालयातही निघाली. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात ग्वालदम येथे कल्याणसिंह रावत या शिक्षकांनी १९९५ साली 'मैती' या नावाने चळवळ सुरू केली. तेथील भाषेत मैत म्हणजे माहेर. लग्नाच्या वेळी वधूवर माहेरच्या अंगणात रोप लावतात, आणि वधू निघून गेल्यावर तिच्या मैत्रिणी ते जगवितात. खेडच्या डोंगरात व चमोलीच्या डोंगरात एकच विचार सुचावा यात आश्चर्य नाही. माहेर सोडणाऱ्या मुलीचे मन सर्वत्र सारखेच असते.

यादीत घालण्याजोगी कलमे

आता प्रत्यक्ष योजना. लग्नाचे सर्व काही ठरते ते याद्यांच्या बैठकीत. सुपारी फुटली, यादीवर दोन्हीकडील वडीलधाऱ्यांच्या सह्या झाल्या, की मागाहून कोणी काही सुचविले तर ते मोडता घातल्यासारखे दिसते. म्हणून पुढील कलमे यादीतच लिहून घ्यावी. बैठकीत मुलामुलीसही बसवावे. पुष्कळदा असे आढळते की त्यांना साधेपणा हवा असतो, आणि थाट मधल्यांना.

तिथी. उन्हाळ्यातील कार्यास पाणी अधिक लागते व फुले लवकर सुकतात. तुळशीच्या लग्नानंतर, विशेषतः मार्गशीर्षात मुहूर्त मिळत असेल तर तो घ्यावा. वैशाखच सोयीचा असल्यास सायंकाळचा मुहूर्त धरावा, परंतु तो पाळावा. पुढाऱ्यांच्या सत्काराची व शुभेच्छांच्या भाषणांची वाट पाहत अक्षता लांबणीवर टाकू नयेत.

माणसे. ज्यांच्या घरी आपण सुखदुःखात जातो त्यांस बोलवावे. आमंत्रण शक्यतो समक्ष किंवा दूरध्वनीने द्यावे व प्रत्येक घरची किती माणसे येणार हे विचारून ठेवावे. हा प्रश्न विचारण्यात अपमान नाही. अन्न उरण्याचे मुख्य कारण आकडा ठाऊक नसणे हे आहे.

मांडव. रब्बीची ज्वारी निघालेले मोकळे रान किंवा घरापुढील अंगण यांसारखे कार्यालय नाही. बांबू व कापड भाड्याने मिळते. टहाळे छाटताना एका झाडाचे ओरबाडून घेऊ नयेत, चार झाडांचे थोडे थोडे घ्यावे. शुभेच्छांचे मोठाले फलक लावू देऊ नयेत; पाहुण्यांस वाट दाखविण्यास कापडी पाटी पुरे.

अक्षता व फुले. अक्षता म्हणजे तांदूळ किंवा ज्वारी. माणशी पंधरा-वीस ग्रॅमची मूठ धरली तरी हजार माणसांस पंधरा-वीस किलो धान्य होते, आणि ते पायदळी जाते. मानाच्या पाच-दहा वडील माणसांच्या हाती हळद-कुंकू लावलेल्या अक्षता द्याव्या, इतरांस झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या. रासायनिक रंगाच्या अक्षता तर पाखरांच्याही कामाच्या राहत नाहीत. सजावटीस खरीच फुले घ्यावी. प्लास्टिकच्या फुलांमुळे आपल्या फुलांचा भाव पडतो, त्यांवर बंदी घाला, अशी मागणी फूल पिकविणारे शेतकरी करीत आहेत. शेतकऱ्याच्या लग्नातच शेतकऱ्याचे फूल नसावे, ही गोष्ट शोभत नाही.

जेवण. पदार्थ थोडे व शिवारातले. आपला तालुका गुऱ्हाळांचा. गुळाची लापशी, चपाती, वांग्याचा रस्सा, मसालेभात व ताक एवढ्याने पंगत तृप्त होते. पंगतीत बसवून आग्रह न करता, मागेल तेवढे वाढावे. उभ्याने घेण्याच्या जेवणात ताट एकदाच भरून घेण्याकडे कल असतो, आणि अर्धे टाकले जाते.

ताटे व पाणी. एका पाहुण्यामागे ताट, दोन वाट्या, पेला, चमचा व दोन बाटल्या अशा सात टाकाऊ वस्तू धरल्या तर हजार माणसांत सात हजार होतात. त्यांऐवजी गावकीची पोलादी ताटे-वाट्या आणाव्या. नसतील तर आपल्यासारख्या मंडळांनी ती एकदा विकत घेऊन माफक भाड्याने द्यावी. असे भांडवल पडून राहत नाही. धुण्याचे काम बचत गटाच्या भगिनींस रीतसर मजुरी ठरवून द्यावे, फुकटच्या राबणुकीवर साधेपणा उभारू नये. धुणे तीन पातेल्यांत क्रमाने केले म्हणजे पाणी थोडे लागते, आणि ते खरकटे गाळून केळी-नारळीस सोडता येते. पत्रावळीच वापरावयाची असेल तर पळसाची, सुपारीच्या विरीची किंवा उसाच्या चिपाडाच्या लगद्याची घ्यावी. चकचकीत पापुद्रा असलेली घेऊ नये. पिण्यास रांजण किंवा माठ ठेवून डावाने पाणी द्यावे.

उरलेले अन्न. पंगत चालू असतानाच, न उष्टावलेले अन्न कोठे पाठवावयाचे ते ठरवून ठेवावे. ऊसतोड मजुरांची कोपी, आश्रमशाळा किंवा वाडीवस्ती जवळपास असतेच. उष्टे व पत्रावळी यांचे खत करावे. इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ मालापासून खत करण्याची जी पद्धत बसविली व १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तीच येथे उपयोगी पडते. तळाशी उसाचे पाचट, त्यावर वीतभर पत्रावळी, त्यावर उष्ट्याचा पातळ थर, मग शेणकाला व जुने खत, असे थर रचावे. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. कुत्री उकरू नयेत म्हणून वरून मातीने झाकावे. पंधरवड्याने, महिन्याने व दोन महिन्यांनी खालीवर केले म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. ज्यांचेकडे गोबर गॅस आहे त्यांनी उष्टे थोडे थोडे करून त्यात घालावे. एकदम घातल्यास संयंत्र बिघडते.

मानपान. टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे एका हातातून दुसऱ्या हातात फिरतात आणि कोणाच्या डोक्यावर राहत नाहीत. दोन्हीकडून मान परस्पर माफ करावा. द्यावयाचेच तर बियाणे, पुस्तक, घरचा गूळ असे कामास येणारे द्यावे.

वाद्ये व शोभेची दारू. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धकास कायद्याने मनाई आहे. सनई-चौघडा, हलगी किंवा भजनी मंडळ यांनी मंगलता कमी होत नाही, व गावच्या कलावंतांस चार पैसे मिळतात. शोभेची दारू मात्र अजिबात नको. वैशाखात प्रत्येक वस्तीवर कडब्याची गंज उभी असते; एक ठिणगी वर्षाची वैरण नेते.

झाड केव्हा लावावे

शेवटचे कलम झाडांचे. पाहुण्यांस रोपे वाटण्याची चाल हल्ली पडली आहे. हेतू उत्तम; परंतु शेतकऱ्याने तरी हे ओळखावे की, वैशाखाच्या उन्हात पिशवीतले रोप मोटारीत टाकून घरी नेले तर ते दोन दिवसांत करपते. लग्न वैशाखात करता येते, लागवड वैशाखात करता येत नाही.

म्हणून आम्ही असे सुचवितो. लग्नाच्या सप्ताहात फक्त खड्डे घ्यावे, व ते उन्हात तापू द्यावे. त्याच वेळी लग्नाच्या पत्रावळींचे व उष्ट्याचे खत रचावे. तीन महिने लोटतात तो श्रावण येतो. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीस मुलगी माहेरी येतेच. पंचमीस भूमी खणावयाची नाही हा आपला नेम. पण खड्डे आधीच घेतलेले आहेत, आणि लागवड पंचमीच्या दुसऱ्या दिवशी करता येते. पाऊस झालेला असतो, माती वाफशावर असते, खत तयार असते. जावईबापूंस बोलवावे, व दोघांच्या हातून बांधावर आंबा, चिंच, जांभूळ किंवा कडुनिंब लावावा, उसास सावली नको असेल तेथे शेवगा, हादगा लावावा, वड-पिंपळ-उंबर गायरानात. दोन्ही कुळांच्या देवकाचे झाड त्यांत असेल तर फारच उत्तम. पुढील दोन उन्हाळे त्यास पाणी घालण्याचे काम घरातील एका नेमक्या माणसाकडे सोपवावे, कारण सर्वांचे झाड कोणाचेच नसते.

या कलमांपैकी सर्वच एका लग्नात साधतील असे नाही. चार साधली तरी पुष्कळ झाले. येत्या हंगामात ज्या सभासदांच्या घरी कार्य आहे त्यांनी यादीच्या बैठकीस हा अंक बरोबर न्यावा. आणि लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे गेल्यावर, आपल्या व शेजाऱ्याच्या रानातून एक फेरी मारावी. दंड वाहते आहेत, गाय रवंथ करीत आहे, सऱ्यांत उसाशिवाय काही नाही, असे दिसले तर लग्न चांगले झाले असे समजावे.